कुलूप काढलेला फोन

रोह्याहून पेणला जाणाऱ्या एसटीत एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली होती, फोन पदराखाली घट्ट धरून. बोलता बोलता तिने सांगितलं, नवऱ्याने त्यात गुपचूप पाळत ठेवणारं काहीतरी घातलं होतं; तिचा प्रत्येक मेसेज तो वाचायचा. शेवटी व्हिडिओ बघून तिने बाहेरचं सॉफ्टवेअर आत येऊ न देणारं फोनचं कंपनीचं कुलूप काढलं, सगळं पुसून दुसरं सॉफ्टवेअर टाकलं.

“आता फोन माझा हाय,” ती हळूच म्हणाली. “पन कुलूप उघडंच ऱ्हायलं. त्याच्या हाती लागला, तर परत कायपन घालंल. मला कळायचं पन नाय.”

नागोठण्याला एक माणूस चढला. तिने घाईने फोन माझ्या पिशवीत सरकवला. तो तिचा नवरा नव्हता. तरी ती म्हणाली, “पेणपर्यंत ऱ्हाऊ दे तुमच्याकडं, ताई.”

मी पिशवी छातीशी धरली आणि चढणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे बघत राहिले.