रविवारचा अर्धा तास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे — कोण जाणे. तुम्ही मध्ये बोलत नाही, म्हणून असेल.

नांदेडला आमच्या गल्लीत मला 'स्टेम सेलवाल्या बाई' म्हणतात. शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात, अंगणात नुसती वाकले तर मणका दबला. हाडं ठिसूळ झाली होती. मुलानं कुठंतरी वाचलं — आपल्याच मज्जेतल्या मूळपेशी काढतात, वाढवून परत सोडतात आणि नवं हाड धरतं. हैदराबादच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. झालं! जाण्याआधीच मी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं. बायका स्टेशनवर निरोप द्यायला आल्या, चिवडा घेऊन.

आणि तिथं काय झालं? डॉक्टर भला माणूस. म्हणाले, यावर अजून संशोधन चालू आहे, ठिसूळ हाडांसाठी मी हे कुणालाच देत नाही. आठवड्याला एक साधी गोळी लिहून दिली. एवढी वाजतगाजत गेलेली मी — गोळ्यांची पट्टी घेऊन परत कशी येणार? स्टेशनवर माझी मैत्रीण कमल पुढे आली. "झालं का गं?" मी म्हटलं, झालं.

एवढंच असतं तर आज मी त्यावर हसलेही असते. पण एवढंच नाही ना.

ही गोळी मोठी खोडीची. रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. पाठीत कळा, त्यात माझा स्वभाव — माझ्या सुनेवर, संगीता तिचं नाव, मी किती खेकसले असेन! ती समोर पाटावर भाजी निवडत बसून राहायची. एक रविवार चुकला नाही. तिचे वडील वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला लोह्याला माहेरी निघाली, तेव्हाही आधी माझा अर्धा तास झाला, मग तिची एसटी.

पुढे तपासणीत हाडं सुधारलेली निघाली. विहारात बायका म्हणाल्या, "सून लई करती बाई तुमचं." आणि मी — ती तिथंच सगळ्यांना चहा देत होती — मी म्हणाले, "ती काय करती? पेशी करून राहिल्यात सगळं!" सगळ्या हसल्या. तीही हसली.

पुढच्या रविवारी ती येणार नाही, असं वाटलं होतं. आली. पेला हातात दिला. "आई, सरळ बसा," एवढंच म्हणाली.

अजून आहे. कमलचीही हाडं तसलीच, तिलाही हीच गोळी. माझं ऐकून तिनं गोळ्या बंद केल्या — आता पेशीच घेईन म्हणाली. मला माहीत होतं. पडली असती तर? तरी मी गप्प राहिले. महिन्याभरानं कमलच सांगत आली, "तुझी सून दर रविवारी येऊन बसती माझ्यापशी. म्हणती, आईचं येगळं हाय मावशी, तुम्ही गोळी सोडू नका."

माझ्यापुढून उठून ती तिकडे जात होती. डॉक्टरांची चिठ्ठी तिनंच वाचली होती, तरी तिनं माझं खोटं उघडं पाडलं नाही, आणि कमललाही वाऱ्यावर सोडलं नाही. मला एका शब्दानं विचारलं नाही.

आज मी जिना चढते, नातवाला कडेवर घेते — हे सगळं तिचं देणं आहे. माझ्या अंगात कुणी एकही पेशी सोडलेली नाही. इतकं तर माझ्यासाठी माझ्या आईनंही केलं नसेल, असं वाटतं.

आज रविवार. गोळी घेऊन सरळ बसले होते, ती समोर मेथी निवडत होती. आज तिला सांगायचंच, असं ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते.

अर्धा तास झाला. तिनं चहा आणून दिला. मी कप घेतला. ती चप्पल घालून कमलकडे गेली.