मायनं स्वतःचं ठेवलेलं नाव

त्या साली ईस्टर नुकताच झाला होता. रोमला पोप वारले आणि डोंगरकड्याच्या बाजूच्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये सुतक आलं. आमची घरं थोडकीच. फादर अधूनमधून रविवारी मोटारसायकलवर यायचे. मिस्सेची उपासना संपली की बिशपांच्या धर्मप्रांताकडून आलेल्या सूचना वाचायचं काम माझ्याकडं, कारण मी अंगणवाडीत नोकरीला आणि आवाज खणखणीत. कुठं शिबिर आहे, कुणाचं लग्न ठरलंय, कुठल्या गावी यात्रा आहे, सगळं मी एका दमात वाचून मोकळी व्हायचे.

त्या रविवारी तसं झालं नाही. कागदावर होतं, धर्मप्रांत शोकात आहे, आनंदाचे सगळे कार्यक्रम थांबवले आहेत. आणि त्याच्याच खाली, आमच्याकडं ठरलेली बिशपांची भेट पुढं ढकलली आहे, तारीख मागून कळवू. समोरच्या सतरंजीवर माय बसली होती. तिच्याकडं न बघता मी ते वाचलं.

बिशप येणार होते दृढीकरण द्यायला. हा संस्कार त्यांच्याच हातचा, आणि आमच्या आडबाजूला त्यांचं येणं कैक वर्षांतून एकदा. मागच्या खेपेला माय वसमतला हळद शिजवायच्या कामावर होती आणि मी नांदेडला वसतिगृहात, म्हणून दोघी राहून गेलो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मायचा मात्र जीव त्यात अडकला होता. दृढीकरणात आपण एका संताचं नाव आपल्या मनानं निवडतो, आणि बिशप सगळ्यांसमोर त्या नावानं हाक मारून कपाळाला तेल लावतात.

"बारशाचं आत्यानं ठेवलं, बाप्तिस्म्याचं फादरनं ठेवलं, लग्नातलं सासूनं ठेवलं," माय म्हणायची. "हे माझं मी ठेवणार."

तिनं निवडलेलं नाव मला आणि फादरलाच ठाऊक होतं. भाकरी थापता थापता ती मला हाक मारायला लावायची. मी बिशपांसारखा घसा खाकरून त्या नावानं पुकारायचे आणि माय म्हणायची, व्हय. अगं, व्हय न्हाई, आमेन म्हणायचं, असं सांगून सांगून मी कपाळावर हात मारून घ्यायचे. पुन्हा हाक मारली की पुन्हा व्हय. हाक आली की ओ द्यायची, एवढंच तिला जन्मभर ठाऊक. मग पदर तोंडाला लावून ती हसत बसायची आणि तव्यावरची भाकरी करपायची.

घरी आल्यावर मी लई तणतणले. तिकडं रोमला म्हातारा माणूस गेला, वाईट झालं, पण आमच्या बायांनी काहून थांबायचं? मायनं मलाच झापलं. घरातलं मोठं माणूस गेल्यावर कुणी अंगाला हळद लावतं का, म्हणाली. तिनं घरात मटण येऊ दिलं नाही. शेजारच्या बौद्ध काकूंनी विचारलं तर आमच्यातले एक बाबा गेले म्हणून सांगितलं. पुढच्या मिस्सेत पोपचं नाव घेतात ती जागा आली, नवे पोप अजून ठरले नव्हते म्हणून फादर नाव न घेताच पुढं गेले, आणि मायनं डोळे पुसले.

मे महिन्यात तिला दम लागायला लागला. वसमतच्या डॉक्टरांनी हृदय कमजोर झालंय म्हणून सांगितलं. ते ऐकून फादर घरी आले. इतकी तकलीफ असल्यावर दृढीकरण मलाही देता येतं, नियमात बसतं, आत्ताच देतो, म्हणाले. मी पाट मांडायला उठलेसुद्धा. मायनं मान हलवली.

"चार मानसांत पुकारू द्या, फादर. घरात काय, ही बी हाक मारतीच की."

किती हट्टी बाई! मी रडले, भांडले, पण ती हलली नाही. मी काय आज मरून राहिले का, म्हणाली.

पेरणीच्या तोंडावर, एका दुपारी तूर पाखडता पाखडता ती गेली. सूप मांडीवर तसंच होतं. फादरनं तिला बाप्तिस्म्याच्या नावानं निरोप दिला. कबरीवरच्या क्रूसावर पेंटरनं सासूनं ठेवलेलं नाव लिहिलं, कारण रेशनकार्डावर तेच होतं. तिनं स्वतः निवडलेलं नाव कुठंच आलं नाही, आणि ते मला जेवतानासुद्धा सलत राहिलं.

पुढच्या मिस्सेला फादरनं सूचनांचा कागद दिला. नवे पोप कधीचेच निवडले गेले होते. लांबलेल्या कार्यक्रमांच्या नव्या तारखा आल्या होत्या, आणि त्यात आमच्याकडच्या बिशपांच्या भेटीचीही होती. धर्मप्रांताचं सुतक फिटलं होतं, माझं आत्ता कुठं लागलं होतं. ती तारीख वाचताना मला असा संताप आला की कागद चुरगळून टाकावा वाटलं. पण बाया वाट बघत होत्या. मी वाचली.

मिस्सा झाल्यावर मी फादरकडं गेले आणि म्हणाले, दृढीकरणाच्या यादीत माझं नाव घ्या. इतकी वर्षं ते माझ्या मागं लागले होते आणि मी नंतर, नंतर करत टाळत आले होते. त्यांनी विचारलं, कोणत्या संताचं नाव घेणार? मी सांगितलं. त्यांनी यादीत ते लिहून घेतलं.

बिशप आले त्या दिवशी चर्चसमोर मंडप होता, माईक होता, आजूबाजूच्या गावांतली माणसं होती. मी रांगेत उभी राहिले. मागं मायची मैत्रीण धर्ममाता म्हणून उभी होती, उजव्या खांद्यावर तिचा हात. बिशपांनी अंगठा तेलात बुडवला, माझ्या कपाळावर टेकवला आणि मायनं निवडलेलं ते नाव घेतलं. माईकवरून ते मंडपभर ऐकू गेलं, पार रस्त्यापर्यंत गेलं.

आमेन मला पाठ होतं. पण हाक तिला होती, आणि ओ द्यायला मीच तेवढी उरले होते.

"व्हय," मी म्हणाले.