देवीने कौल दिला नाही तेव्हा

एक अपराध मी चाळीस वर्षांहून अधिक काळ लपवून ठेवला. मेढ्याजवळच्या आमच्या घरात लहानपणी माझ्या हातून जे जे मोडले, सांडले किंवा नैवेद्याआधीच ताटातून उचलले गेले, ते सर्व मी धाकट्या भावाच्या, शिवाच्या, नावावर घातले. वडील फौजेतून निवृत्त होऊन आले होते. आधी शिक्षा आणि मग चौकशी, असा त्यांचा क्रम. शिवा पट्ट्याचा मार खाई, तेव्हा मी देवघरात मोठ्याने स्तोत्र म्हणत असे. भाविक मुलगा म्हणून माझी ख्याती झाली, आणि दुर्दैवाने ती टिकली.

शिवाचे पोट तिशीपासून दुखते. गेल्या वर्षी अन्न अंगी लागेना, माणूस निम्मा झाला. मी त्याला सांगलीला माझ्याकडे आणून एका डॉक्टरीणबाईंना दाखवले. तपासण्या पाहून त्यांनी विचारले, "लहानपण कसं गेलं?" शिवाने तोंड उघडण्याआधी मीच म्हणालो, "अगदी मजेत."

"पोट तुमचं दुखतंय का?" बाईंनी मला विचारले. मग शिवाकडे वळून त्यांनी सांगितले, की सतत धास्तीत वाढलेल्या मुलांना पुढे असे चिवट आजार जडण्याची शक्यता अधिक असते. सर्वांनाच जडतात असे नाही. औषध घ्यावेच, पण मनातले बोलावेही. शिवा घरी येऊन म्हणाला, "दादा, मी न्हाई परत जायाचा. मेलेल्या बापाची चुगली करू व्हय?" आणि त्याने गोळ्याही सोडल्या.

मी घाबरलो आणि सवयीप्रमाणे जबाबदारी देवीवर ढकलली. आमच्या गावी कौल लावतात: मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओली फुले चिकटवायची; उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. शिवाला गावी नेऊन देवळात शेजारी उभे केले आणि मी विचारले, "डॉक्टर बदलू का?" अर्धा तास झाला, एकही फूल हलेना. गुरव म्हणाले, "देवी इचार करतीया," आणि चहाला गेले.

आमच्यामागे एक म्हातारी हरवलेल्या म्हशीचा कौल घ्यायला ताटकळत होती. ती म्हणाली, "आवं, तुमचा प्रश्नच खोटा आसंल. खरं काय हाय त्ये बोला की. तवर माझी म्हस पाटणला पोचंल."

तिला देवीने पाठवले असे मी म्हणणार नाही. तिची म्हैस खरोखरच हरवली होती. परंतु मी देवीकडून शिवाकडे वळलो. मी शिवाला सारे सांगितले, मोडलेल्या कंदिलापासून नैवेद्याच्या पुरणपोळीपर्यंत.

"ठावं हाय मला," शिवा म्हणाला. "तुझ्या स्तोत्राला पुरणाचा वास यायचा."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुला मारलं आसतं रं त्यांनी."

शिवाचे पोट आजही दुखते. पण तो बाईंकडे जातो, गोळ्या घेतो आणि तिथे स्वतःच बोलतो. मी बाहेर बाकावर बसतो. शरण जाणे म्हणजे देवापुढे प्रश्न ठेवून मोकळे होणे, असे मी आयुष्यभर समजत आलो होतो. त्या दिवशी उत्तर न देऊन देवीने माझ्यावर केलेली कृपा मी विसरणार नाही.

कारण देवळातल्या शिवाच्या त्या उत्तरानंतर मला लपायला जागाच उरली नव्हती. गाभाऱ्याकडे पाठ करून, म्हातारीच्या देखत, मी त्याच्यापुढे हात जोडले आणि म्हणालो, "शिवा, मार माझा होता, तू खाल्लास. माझं चुकलं. मला माफ कर."