जित्या पायाची हाडं

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्या जित्या लेकीची हाडं मला दिसली. ठकू माझ्या मांडीवर कण्हत होती, आणि तिची नडगी तिकडं पांढरीफटक उभी होती.

"ऑस्टिओमायलायटिस," डॉक्टर म्हणाले. माझं तोंड पाहून त्यांनी समजावलं: जंतू हाडात शिरतात आणि आत पू होतो. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, हाड पोखरलं की मगच दिसतं. त्यांनी बोट ठेवलं तिथं भुंगा लागलेल्या वाशासारखी भोकं होती.

सुरुवात एवढ्याशा खरचटण्यानं झाली होती. खपली धरली, आम्ही विसरलो. मग ताप भडकला आणि पायाला पदर लागला तरी पोरगी किंचाळू लागली. आमच्या पुसेगावात कुणी मुरगळा म्हणालं, कुणी बाहेरचं. बिब्बा झाला, उतारा झाला. शेवटी यांनी गाडी जुंपली आणि आम्ही वऱ्हाडातल्या त्या मिशनच्या दवाखान्यात आलो. निजामाच्या राज्यातून इंग्रजांच्या राज्यात, लेकराचा पाय घेऊन.

डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, प्लास्टर घातलं, सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या. ते जंतू मारायचं औषध. ताप हटेना, पण चढेनाही. घरी सोडताना फिल्म माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "ही जपा. पुढच्या खेपेला नवी काढू आणि दोन्ही शेजारी धरू. पोखर वाढली नसेल तर पाय राहील. वाढली असेल तर जीव वाचवायला पाय गुडघ्यावरून काढावा लागेल."

तेव्हापासून तो काळा कागद मला लेकीइतकाच जपायचा होता.

परतताना निजामाच्या हद्दीवर, कनेरगावच्या नाक्यावर, शिपायानं सामान उघडलं. फिल्म उन्हात धरली आणि एकदम खाली केली.

"ये किसकी हड्डी है, बाई?"

"माझ्या लेकीची."

"कब मरी?"

"मरंल कशाला? ही काय मांडीवर हाय!"

त्यानं ठकूकडं पाहिलं, फिल्म दोन बोटांनी परत ठेवली आणि बाकीचं सामान न तपासताच आम्हाला सोडलं. मला हसू आलं. ते फार टिकलं नाही.

घरी फिल्म मी पत्र्याच्या पेटीत ठेवली. ठकूची खाट समोरच्या भिंतीशी होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कुठं दुखतंय गं?" तिनं प्लास्टरकडं पाहिलंही नाही. पेटीकडं बोट केलं.

"तिथं दुखून राहिलंय."

तापात लेकरू काहीही बोलतं, असं मी म्हणाले. पण माझ्या अंगावर काटा आला, आणि मामंजींनी हातातला तांब्या खाली ठेवला. मामंजी म्हणजे माझे सासरे. ठकूच्या आधीच्या माझ्या दोन लेकरांना त्यांनीच आपल्या हातांनी माती दिली होती. आमच्यात लहान लेकराला पुरतात, जाळत नाहीत. त्यामुळं लेकराची हाडं कुणाच्या नजरेला पडत नाहीत. मामंजींच्या मात्र मी फिल्म पेटीत ठेवताना पडली होती.

काही दिवसांनी, भर उन्हाळ्यात, ठकू दातावर दात वाजवत म्हणाली, "आई, पाय गार पडलाय. पाण्यात हाय."

मी प्लास्टर चाचपलं. कोरडं ठणठणीत. मग का कोण जाणे, उठून पेटी उघडली. फिल्म नव्हती.

"म्या शिरवली," दारातून मामंजी म्हणाले. "मडक्यात घालून, तोंडाला पांढरं फडकं बांधून, कयाधू नदीच्या डोहात सोडली. सूनबाई, हाडं घरात ठिवत असतेत का? ती माणसाला बोलावतेत."

माणूस वाईट नव्हता. नातीवर जीव होता म्हणूनच त्यानं हे केलं होतं. तरी मी त्या दिवशी त्यांना जे बोलले ते सुनेनं सासऱ्याला बोलू नये.

आम्ही गाडी जुंपली. मामंजी जुवाला धरून उभे राहिले. "शिरवलेली हाडं वर काढू नगं. लेकरू जाईल!"

"न्हाई काढली तर पाय जाईल!" मी म्हणाले. पण हे खरं की ते, मला तरी कुठं ठाऊक होतं?

नदी आटली होती, डोह तेवढा शिल्लक होता. यांनी बुडी मारून मडकं वर आणलं. फडकं सोडलं आणि पाण्यातून ती नडगी वर आली. बाभळीवर एकही पाखरू ओरडत नव्हतं.

घरी पोचताच मी धावत आत गेले. ठकू झोपली होती आणि कपाळाला घाम सुटला होता. ताप उतरत होता.

पुढच्या खेपेला ती भिजलेली फिल्म पाहून डॉक्टर हसले. "बाई, ही धुतातच पाण्यात!" फिल्मचा पावलाकडचा भाग सोलून निघाला होता, नडगी मात्र शाबूत होती. त्यांनी नवी फिल्म शेजारी धरली. भोकं वाढली नव्हती, आणि कडेनं नवं हाड धरू लागलं होतं.

"पाय राहिला," ते म्हणाले. मी तिथंच फरशीवर बसून रडले. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तुमच्या लेकराची अशी फिल्म काढली तर भिऊ नका, आणि ती टाकू नका. घरातल्या म्हाताऱ्यांना उजेडात धरून दाखवा, समजावून सांगा. मी मामंजींना आधीच अशी समजावून दाखवली असती तर बरं झालं असतं. नंतर दाखवली. त्यांनी नव्या हाडावरून अंगठा फिरवला आणि फिल्म स्वतः आपल्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवली.

ठकू आता दोन लेकरांची आई आहे, चालते, क्वचित लंगडते. थंडीत माहेरी आली की तिचं ते पाऊल बर्फ होतं. मी गोधडी घेऊन जाते.

"पायावर नगं, आई," ती हसून म्हणते. "पेटीवर घाल."

आणि मी घालते.