भात कापल्यावर सुरू होणारा सीझन

आमच्या क्रिकेट टीमचे किस्से मी लिहून काढावेत असं ठरलं, तेव्हा वाटलं, चार-पाच असतील. पण मी एक लिहिला की टीममधल्या कुणाला तरी आणखी एक आठवायचा. त्यातलं खरं किती आणि मी नकळत रंगवलेलं किती, याची मला आता खात्री देता येत नाही. टीमचा अभिमान मात्र शंभर टक्के खरा!

*

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. शहराबाहेरच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीत नवीन राहायला आलेले आम्ही गिरगाव-लालबागचे नोकरदार. मैदान नव्हतं. शेजारच्या काशीगावातल्या भोईरमामांनी आपलं भाताचं शेत खेळायला दिलं. आमचा कॅप्टन नाईक, बँकेतला माणूस, सप्टेंबरातच तारीख मागायला गेला. मामा म्हणाले, "मना काय इचारतंस? भाताला इचार."

तेव्हापासून आमचा सीझन भात कापल्यावर सुरू आणि नांगर आला की बंद.

*

कापणीनंतर शेतात धसकटं उरायची. त्यावर पडून चेंडू कुठेही वळायचा. जवळच्याच वरसावे गावच्या टीमने तक्रार केली, तेव्हा नाईक शांतपणे म्हणाला, "आम्ही रविवारी सकाळी इथे अनवाणी प्रॅक्टिस करतो. तुम्ही पण या."

त्या वर्षी आम्ही एकही मॅच हरलो नाही.

*

जानेवारीत खाडीकडून धुकं यायचं. अंपायर मी, कारण मला खेळता येत नाही. वरसाव्याच्या बॅट्समनने उंच फटका मारला, चेंडू धुक्यात गेला आणि आतून आमच्या देसाईचा आवाज आला, "घेतला!"

मी संशोधनातला माणूस, पुराव्याशिवाय प्रबंधात कधी एक वाक्य लिहिलेलं नाही. बोट वर करू की नको, या विचारात उभा राहिलो. शेवटी बॅट्समनच ग्लोव्हज काढत म्हणाला, "सर, तुमचा देसाई खोटं नाय बोलत. मी जातोय."

*

मे महिन्यात निम्मी टीम रत्नागिरीला. सात जण उरले, म्हणून स्कोअर लिहिणाऱ्या शाहभाईंना सीमेवर उभं केलं. ते छत्री घेऊनच गेले. कॅच आला आणि त्यांनी तो एका हाताने घेतला. दुसऱ्या हातात छत्री तशीच. नाईक म्हणाला, छत्री तरी खाली टाकायची. शाहभाई म्हणाले, "फिर धूप लगती ना!"

*

आता माझ्यावरचा. माझी पीएच.डी. पावसाच्या आकड्यांवर. त्यामुळे ढग दिसला की सगळे मला विचारायचे. मी म्हणायचो, शक्यता नाकारता येत नाही. नाईक म्हणायचा, "सर, हो की नाही, तेवढंच सांगा." ते मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

एका वर्षी पाऊस लांबला. दिवाळी झाली तरी मामांचं भात उभंच. कापायला माणसं मिळेनात, सगळी बिल्डिंगच्या कामांवर. शनिवारी आभाळ भरून आलं. मामांनी मला गाठलं. माणसं मिळेपर्यंत थांबू, की घरच्यांना घेऊन कापू? पिकलेल्या भातावर पाऊस पडला तर वर्षाचं पीक आडवं होणार होतं. काय झालं कोण जाणे, मी एकदम म्हणालो, "सोमवारी पाऊस येणार. उद्याच कापा."

हे नाईकच्या कानावर गेलं. रविवारी सकाळी अख्खी टीम पांढऱ्या कपड्यांत शेतात हजर, हातात बॅटऐवजी विळे. बँकेचा, विम्याचा, पोस्टाचा माणूस एका ओळीत वाकून भात कापतोय! नाईकने बोट कापून घेतलं, रुमाल बांधला आणि पुन्हा वाकला. संध्याकाळपर्यंत सगळे भारे मामांच्या पडवीत.

सोमवारी कडक ऊन. मंगळवारीही. पुढचे आठ दिवस ढगाचं नाव नाही. मी फिरायला जाणं बंद केलं. अकरा माणसांना माझ्या अर्धवट ज्ञानापायी राबवलं, हेच डोक्यात.

नवव्या दिवशी बेल वाजली. दारात मामा, हातात नव्या तांदळाची पिशवी. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "सर, फुडल्या वर्साला बी असाच पाऊस सांगा."