नानाजींच्या गोठ्यातली गाडी

नानाजी साटोण्यांच्या गोठ्यात दोन जण राहतात. एक तांबडी गाय, आणि दुसरी जमिनीला पोट लावून चालणारी, दोनच माणसं बसतील अशी निळी स्पोर्ट्स कार. मधे एक आडवा बांबू आहे. गाय बांबूवरून मान लांबवते आणि गाडीचा बाजूचा आरसा चाटते. योगेंद्र रोज सकाळी तो आरसा पुसतो आणि गायीकडे रागाने बघतो. गाय त्याच्याकडे बघत नाही.

योगेंद्र हा नानाजींचा मुलगा, बेचाळिशीचा. हिंगणघाटला हायवेवर त्याचं सरकी-ढेपेचं, गुरांच्या खाद्याचं दुकान आहे. दिवसभर दुकानासमोरून हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या सुसाट निघून जातात आणि ढेपेच्या पोत्यांवर धूळ बसते. इतकी वर्षं जाणाऱ्या गाड्या बघितल्यावर माणसाच्या आत काहीतरी पळायला लागतं. योगेंद्रने हैदराबादच्या एका माणसाकडून ही जुनी गाडी घेतली आणि वणा नदीपलीकडच्या आपल्या गावी आणली. सावलीची जागा म्हणून ती गोठ्यात गेली. गोठ्याचा तो भाग रिकामा होता.

रिकामा का, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. नानाजींचा उजवा गुडघा गेला तेव्हा त्यांनी शेवटची बैलजोडी विकली. तरुणपणी ते शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवायचे. लाखन आणि बादल. पट संपल्यावर बैल थांबत नाहीत. ते गर्दीत घुसतात, शेतात घुसतात, एकदा एका जोडीने हाकणाऱ्याला कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवात नेऊन सोडलं होतं. नानाजींची जोडी मात्र रेघ ओलांडून हळूहळू, झोप यावी तशी थांबायची. लोक पळणं बघायला येत आणि घरी जाताना थांबण्याबद्दल बोलत. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नानाजी अंगणात कडुनिंबाखाली खाटेवर बसतात. गाडी आल्यापासून गोठ्याकडे पाठ करून बसतात.

त्यालाही कारण होतं. गाडी आली त्याच दिवशी योगेंद्रने वडलांना शेजारी बसवून नदीच्या पुलावर नेलं होतं. पुलावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. योगेंद्रने ब्रेक दाबला. गाडी थांबली, मेंढ्या वाचल्या, पण नानाजींची टोपी डोक्यावरून सुटून समोरच्या काचेवर आदळली. नानाजींनी दार कुठून उघडतं ते विचारलं, खाली उतरले, टोपी झटकली.

"ही थांबत नाई," ते म्हणाले.

"बाबा, थांबली ना!"

"ही आदळली."

आणि दुखऱ्या गुडघ्याने ते पुलावरून चालत घरी आले. त्यानंतर गाडीबद्दल एक शब्द नाही.

योगेंद्रने त्या गाडीत पुष्कळांना फिरवलं. बायकोला, दिपालीला, केळझरच्या गणपतीला नेऊन आणलं. तिथल्या टेकडीच्या पायथ्याशी पोरांनी गाडीसोबत इतके फोटो काढले की दिपाली म्हणाली, "गणपतीनं आपल्याले पाह्यलं का नाई, कोणाले ठाऊक." पण बाबा पुन्हा बसत नाहीत तोवर ती गाडी त्याला आपली वाटेना. गोठ्यात कोणा पाहुण्याची ठेवलेली वाटायची. आणि बाबांचं म्हणणं तर साफ होतं: ही थांबत नाही. म्हणजे दोष ब्रेकचा. म्हणजे ब्रेक बदलायचे.

असा तो सिरॅमिक ब्रेकपर्यंत पोचला.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो मोबाइलवर तेच बघायचा. चाकाच्या आत एक चकती असते, तिला डिस्क म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी एक जबडा धरतो, की गाडी थांबते. साध्या गाडीत ती चकती लोखंडाची. भारी गाडीत सिरॅमिकची. आणि सिरॅमिकवाल्यांचे जबडे पिवळे असतात. चाकाच्या कांड्यांतून तो पिवळा रंग दिसला की जाणकार माणूस ओळखतो. योगेंद्रला रात्री झोपताना ते पिवळे जबडे दिसायला लागले.

"सिरॅमिक म्हणजे चिनी मातीच ना?" दिपालीने विचारलं. "कपबशीचे ब्रेक. आनि फुटले तं?"

"फुटत नाई वो ते. विमानाले लावते."

"आपल्या गोठ्यात विमान हाय का?"

तेवढ्या पैशात दारात ट्रॅक्टर येईल, हे तिने एकदाच सांगितलं. पुन्हा सांगावं लागू नये म्हणून ट्रॅक्टरची जाहिरात फ्रिजवर चिकटवून टाकली.

योगेंद्रने पुण्याच्या एका वर्कशॉपला फोन लावला. तिकडचा माणूस भला होता.

"साहेब, हे ब्रेक चांगले तापले की खरी पकड घेतात. तुम्ही गाडी कुठे चालवता?"

"घर ते दुकान."

"मधे काय लागतं?"

योगेंद्रने विचार केला. "एक पूल. चार ब्रेकर. अन् मेंढ्या."

"मग तापणार कसे, साहेब?"

"ते पाहू. जबडे पिवळेच येते ना?"

"पिवळेच येतात."

"मंग पोळ्याच्या दिवशी सकाळी पक्कं सांगतो," योगेंद्र म्हणाला.

जेवताना आता रोज ब्रेकच. आई, शोभाबाई, वाढता वाढता "हो, हो" म्हणायची. नानाजी मान खाली घालून जेवायचे. एके दिवशी योगेंद्र भाकरी हातात धरून सांगत होता, "सगळं वझं त्या डिस्कवर येते. जोरात थांबवलं का तापते, लाल होते. थकूनच जाते बिचारी."

नानाजींनी मान वर केली. कितीतरी महिन्यांत त्यांनी गाडीबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं.

"थकते?"

योगेंद्रने भाकरी ताटात ठेवली. "हो ना, बाबा. दुखणंच हाय ते."

"कुठसा येते वझं?"

"चाकाच्या आत पाहा ना, चमकते ती चकती. तिथं. चारही चाकांत."

"हं," नानाजी म्हणाले, आणि वरण मागितलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी होती. सणाला बैलाला चांगलं खाऊ घालायचं म्हणून जो तो ढेप न्यायला आलेला. योगेंद्र घरी आला तेव्हा दिवे लागून गेले होते. नानाजी न्हाणीपाशी हात धूत होते, बराच वेळ, साबण लावून. अंगणात पळसाची पानं पडली होती. शोभाबाई चुलीपाशी तुपाचा डबा उलटा करून बघत होती.

"काय बाप्पा! एवढं तूप कोनं खाल्लं?"

गोठ्यात गाय कान हलवत होती.

पोळ्याची सकाळ लख्ख उजाडली. दोन दिवसांच्या पावसानंतर ऊन असं पडलं होतं, की जणू कोणी ते धुऊन वाळत घातलं आहे. गाडी धुवायची म्हणून योगेंद्रने ती गोठ्यातून बाहेर काढली. गोठ्यापासून फाटकापर्यंत अंगणाला उतार आहे. फाटकाजवळ पत्र्याखाली गायीच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग. योगेंद्रने अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला. गाडी गेली. त्याने जोर लावून दाबला. गाडी तशीच, काही घाई नसल्यासारखी, उतरत राहिली आणि कुटाराच्या ढिगात डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून थांबली.

खाटेवरचे नानाजी वळून बसले. गाडी आल्यापासून पहिल्यांदाच.

"भूक लागली वाट्टे," ते म्हणाले.

योगेंद्रला हसू आलं नाही. फाटक उघडं असतं आणि रस्त्यावर कोणाचं पोर असतं तर? त्याने गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे. पाय ब्रेकवर रोवून अंगणभर तिला ओढलं. ब्रेक नावापुरता धरत होता. बाबा बरोबर बोलले होते. ही थांबत नाही. त्याने गाडीत बसल्या बसल्याच पुण्याला फोन लावला.

"हॅलो भाऊ, साटोणे बोलतो, हिंगणघाटहून. पक्कं झालं. ते ब्रेक—"

"अवो!" दिपाली गाडीपाशी उभी राहून नाक वर करत होती. "कोन शिरा करून राह्यलं इथं?"

चाकांतून बारीक धूर निघत होता, आणि त्याला शिऱ्याचाच वास होता. दिपाली वाकली. चाकाच्या कांड्यांतून आत बघितलं आणि ताठ उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर.

"मले न सांगता बसवले?"

"काय बसवले?"

"पिवळे जबडे! अन् वरून मलेच इचारते, घेऊ का, घेऊ का!"

योगेंद्र गाडीतून जवळजवळ पडतच उतरला. खरोखर पिवळे होते. चारही चाकांत. त्याने बोट लावलं. बोट तुपकट झालं आणि पिवळं. चकतीवर हळद, जबड्यावर हळद, आणि आत एक पळसाचं पान करपून चिकटलेलं.

"माझं तूप!" शोभाबाई ओसरीतून ओरडली.

सगळे नानाजींकडे बघायला लागले. नानाजींनी टोपी नीट केली.

"काल खांद शेकायचा दिवस होता," ते म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि पळसाच्या पानाने शेकतात. वर्षभर जू त्या खांद्यावर असतं म्हणून. बैल विकल्यापासून नानाजी त्या संध्याकाळी लवकर झोपायचे.

"बाबा, पन हे बैल नाई ना!"

"तूच म्हनला ना, वझं तिथं येते म्हनून? थकते म्हनून? वझं जिथं येते तिथंच लावा लागते." मग जरा हळू आवाजात, "काऊन, चुकलं का?"

"अन् हे पाहा," शोभाबाईला आता सगळं आठवलं. "काल आरशाशी तोंड नेऊन काईतरी बोलून राह्यले होते. मले वाटलं, मिशा पाहून राह्यले या वयात."

"आवतन दिलं," नानाजी म्हणाले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. कानात सांगा लागते. तिले दुसरा कान कुठं हाय?"

योगेंद्र चाकापाशी मातीत बसला. आधी त्याचे खांदे हलायला लागले. दिपालीला वाटलं, रडतो आहे. मग त्याचं हसू बाहेर पडलं आणि ते थांबेना. हसता हसता त्याने डोळे पुसले, त्याच पिवळ्या हाताने, आणि कपाळापर्यंत हळद लागली.

फोन अजून चालू होता. "हॅलो? साहेब? मग ऑर्डर टाकू ना?"

"नको भाऊ," योगेंद्र म्हणाला. "आमचे पिवळे झाले."

"कोणाकडून बसवले?"

"वडलांनी लावले."

मग दुपारपर्यंत अंगणात चाकं काढून पडली होती. चकत्या भांड्यांच्या साबणाने घासल्या, तीनदा. जबड्यातले पॅड तूप प्यायलेले. ते नानाजींनी स्वतः मांडीवर फडकं घेऊन पॉलिश पेपरने घासले. नवे साधे पॅड नागपूरहून येईपर्यंत गाडी गावाबाहेर न्यायची नाही, असं ठरलं. गावात बैलाच्या चालीने चालेल. शोभाबाईने पुरणपोळीचं ताट गाडीपुढे धरलं आणि, ती खात नाही हे बघून, गायीला दिलं.

संध्याकाळी तोरणाखाली गावातल्या जोड्या ओळीने उभ्या राहायला निघाल्या. घुंगरं, झुली, रंगवलेली शिंगं. नानाजी धुतलेलं धोतर नेसून गोठ्यापाशी आले आणि दार कुठून उघडतं ते न विचारता उघडून आत बसले. बसल्यावर टोपी काढून समोरच्या सपाट जागेवर, काचेखाली ठेवली.

"ही पडली का मी उतरलो," ते म्हणाले.

योगेंद्रने गाडी शेवटच्या जोडीमागे, बरंच अंतर ठेवून घेतली. देवळाजवळ उतार लागतो. समोरचे बैल अजून चालतच होते.

"आता," नानाजी म्हणाले.

"आता काय? अजून कोनी थांबलं नाई."

"तो उजवा बैल पाहा. कान मागं गेले. थांबते तो. कासरा आत्तापासून घे. ओढू नको. नुसता घे."

योगेंद्रने पाय उचलला आणि ब्रेकवर ठेवला, अंड्यावर ठेवावा तसा. बैल थांबले. टोपी बोटभर पुढे सरकली, कडेशी आली. दोघेही टोपीकडे बघत होते. गाडी हळूहळू, झोप यावी तशी थांबली. टोपी कडेवर तशीच राहिली.

तोरणापाशी झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे पोळ्यात ओरडून म्हणायचं कवन. कोणीतरी गाडी पाहिली आणि तिथल्या तिथे जोडून टाकलं:

"हिरवं रान, पिवळी शेंग, नानाजीच्या बैलाले नाई शिंग! खाते पेट्रोल, हागते धूर, त्याच्या म्होरं मेंढ्या दूर!"

"हर बोला हर हर महादेव!" सगळं गाव ओरडलं. सगळ्यात मोठ्याने गाडीतून आवाज आला.

मग नानाजींनी टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि उतरले नाहीत.

"चाल," ते म्हणाले. "पुलापर्यंत जाऊन येऊ. हळू हळू."

"बाबा, नवे पॅड येईपर्यंत नाई म्हटलं ना आपन."

"बरं मंग," नानाजी पाय लांब करत म्हणाले, "आले का सांगजो. तोवर मी इथंच बसतो."