कोरी कुंची

देवाचा राग येऊ शकतो हे मला त्या चैत्रापर्यंत माहीत नव्हतं. माणसांचा तर त्याहून जास्त आला. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच, सांगवीला झालं. मालक नोकरीला वालचंदनगरला. मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच तापानं गेली. सासऱ्यांनी आणि दिरानं तिला टॉवेलात गुंडाळून ओढ्याकडे नेलं. मला उंबऱ्याबाहेर येऊ दिलं नाही, कुठं पुरलं तेही सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "नाव न ठेवलेल्याचं सुतक नसतं. रडू नगंस. दुसरं हुईल." माझं दूध अजून आटलं नव्हतं आणि घरात रोजच्यासारखी भाजी चिरली जात होती. मी देवापुढं दिवा लावणं सोडून दिलं.

रामनवमीला देवळातल्या बायका आल्या. पाळण्यातल्या नारळाला घालायला त्यांना कुंची हवी होती. सासूबाईंनी माझ्या पेटीतून बारशासाठी शिवलेली कुंची काढली. "कोरीच हाय. देवाच्या कामाला येईल." माझं डोकंच फिरलं. नारळाला कुंची, नारळाला पाळणा, नारळाचं नाव सूर लावून गाणार, आणि माझी लेक जणू जन्मालाच आली नव्हती. मी कुंची हिसकावली आणि भर उन्हात ओढ्याकडे निघाले. देवा, आज जागा दाखव, नाहीतर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही, असं मोठ्यानं बोलत गेले.

ओढ्याकाठी मेंढरं बसली होती. राखणारी बाई उठली, माझ्या हातातल्या कुंचीकडे तिनं पाहिलं आणि काही न विचारता मला बाभळीखाली घेऊन गेली. एवढ्याशा मातीवर काट्या रचलेल्या होत्या.

"कुत्री उकराय लागली व्हती. म्हून रोज नव्या काट्या टाकती," ती म्हणाली. "नाव काय लेकराचं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मनात ठरवलेलं नाव पहिल्यांदा तोंडातून निघालं. रेणुका. मी तिथंच बसून पोटभर रडले. ती पाठीवर हात ठेवून बसून राहिली. देवळातून जन्माचा गलका ऐकू आला तेव्हा मी कुंची काट्यांखाली सरकवली. मी मागितलं आणि मला मिळालं, एवढंच मला कळतं. पुढं मेंढरं गेली, तीही गेली.

घरी येऊन मी सासूबाईंना नाव सांगितलं. त्या संध्याकाळी मी दिवा लावला, पण राग तसाच ठेवून. शरण जायचं तर राग गिळावा लागतो, असं मला शिकवलं होतं. ते खोटं आहे. मी रागासकट गेले आणि देवानं मला परत पाठवलं नाही. त्याचे आणि त्या बाईचे उपकार मी विसरलेले नाही.

काही वर्षांनी धाकट्या जावेचा मुलगा असाच पाळण्यात घालायच्या आधी गेला. दीर टॉवेल घेऊन उठले. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"त्याच्या आईलाबी घ्या संगं," त्या म्हणाल्या. मग जावेकडं वळल्या. "नाव काय ठेवायचं व्हतं गं त्याचं? आपल्या रेणुकाच्या शेजारी ठिवायचंय त्याला."